पासवर्ड बदलला, तरी चोर आतच

हिशेबाच्या मेल खात्यातून ग्राहकांना ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ अशी मेल गेली, तेव्हा कळलं की हे खातं आता फक्त आपलं राहिलेलं नाही. पासवर्ड लगेच बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

ओटीपी चालू असताना हा शिरला कसा? बनावट लॉगिन पानाने पासवर्ड आणि ओटीपी खऱ्या साइटकडे पुढे सरकवले आणि मिळालेली सेशन कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण, ती असली की पुन्हा पासवर्ड विचारत नाहीत) स्वतःकडे ठेवली. कुलूप बदललं, पण माणूस आत बसलेला. आधी सगळी सेशन्स रद्द केली. मग मेलचे नियम उघडले: ‘इनव्हॉइस’ शब्द असलेली प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर जाऊन इथून पुसली जात होती. (हे मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.) शिवाय एका अनोळखी ॲपला मेल वाचायची परवानगी दिलेली सापडली, अशी परवानगी पासवर्ड बदलला तरी बरेचदा टिकते. तीही काढली.

आता ॲडमिन खात्यांना पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, आहे. ती खऱ्या डोमेनशीच बांधलेली असल्याने नकली पानावर चालत नाही. बाहेर आपोआप फॉरवर्ड होणं सगळ्यांसाठी बंद. रोजच्या कामालाही ॲडमिन खातंच वापरायची माझी सवय मात्र सर्वांत उशिरा सुटली.