न्यू जर्सीतला पहिला फॉल: दार आणि अंगण सजवताना

फॉल म्हणजे इथला पानगळीचा ऋतू. ऑगस्ट संपत आला की दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. तेव्हा घेऊ नका. सप्टेंबरात इथे दुपारचं ऊन चांगलंच असतं आणि उन्हात ठेवलेला भोपळा बुडाकडून मऊ पडायला लागतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणलेला, न कोरलेला भोपळा कडक गोठण (पाणी गोठवणारी थंडी) आलं नाही तर थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारपर्यंत सहसा टिकतो.

निवडताना देठ बघा. देठ घट्ट हवा आणि निदान दोन इंच राखलेला हवा. तुटलेल्या देठाच्या जागीच आधी कुज धरते, म्हणून भोपळा देठाला धरून उचलूही नये. नख दाबल्यावर साल दबत असेल तर तो कोवळा आहे. घरी आणल्यावर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा ब्लीच घालून त्या पाण्याने पुसा आणि पूर्ण कोरडा करा. थेट काँक्रीटच्या पायरीवर ठेवला तर खाली ओल साचते. एखादी लाकडी फळी घाला. पुठ्ठा नको, तो ओल धरून ठेवतो.

कोरायचा असेल तर ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या, तीन-चार दिवस आधीच कोरा. आतल्या बिया आणि धागे पार खरवडून काढा, कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा, आत बॅटरीवरचा दिवा ठेवा. तरी खारी येणारच, आणि गावाच्या कडेला घर असेल तर हरणंही. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि धागेदार असतो. घारगे करायचे तर ‘पाय पंपकिन’ हा स्वयंपाकाचा लहान भोपळा किंवा बटरनट स्क्वॉश हा भोपळ्याचाच प्रकार वेगळा आणा.

पोर्चच्या खांबाला मक्याची ताटं बांधायची पद्धत इथे सगळीकडे दिसते. आठ-दहा ताटांची पेंढी पुरते. वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी सुतळीने आवळा, नाहीतर पहिल्या वाऱ्याला ती कलते. बसायला किंवा भोपळे मांडायला जे चौकोनी भारे मिळतात त्यांत ‘स्ट्रॉ’ मागा, ‘हे’ नको. स्ट्रॉ म्हणजे कोरडं काड. ‘हे’ म्हणजे वाळलेला चारा, तो भिजला की बुरसतो आणि त्यातलं बी अंगणात उगवतं.

आता महत्त्वाचं. दिवाळी याच दिवसांत येते. काड, ताटं आणि वाळलेली पानं यांच्याजवळ पणती लावू नका. एकतर हे सगळं आधी पोर्चवरून उचला, नाहीतर पणत्या अंगणात दूर, मोकळ्या फरशीवर मांडा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरारात उघड्या ज्योतीला बंदी आहे का ते वाचा. दाराला खिळाही मारू नका, दारावरून अडकवायचा आकडा मिळतो.

मम्स म्हणून मिळणारी शेवंती फुललेली नको, कळ्यांनी भरलेली घ्या. जास्त दिवस शोभते. कुंडीत मुळं इतकी दाटलेली असतात की वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं. कुंडी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबले की काढा. फुलांवर पाणी पडलं की ती तपकिरी होतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवलीत तर कळ्या उमलायला उशीर होतो, कारण शेवंतीला लांब अंधार लागतो.

पानं गोळा करताना एक वेल ओळखायला शिका: पॉयझन आयव्ही. एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ लांब, आणि फॉलमध्ये रंग इतका देखणा लाल की हात जातोच. ही बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली आहे. ज्यांना आंब्याच्या चिकाने फोड येतात त्यांनी तर जपावंच. जाळूही नका, धूरही बाधतो. पाचोळ्यात गोचीड असतात, म्हणून पॅन्ट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा.

मेपलची पानं नुकती पडलेली, लवचिक असतानाच उचला आणि वर्तमानपत्रात घालून जड पुस्तकांखाली दोन आठवडे दाबा. मऊच राहायला हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी अशा मिश्रणात चार-पाच दिवस बुडवून ठेवा. रंग थोडा काळवंडतो. पाइनची बोंडं आणि ओकची फळं २०० फॅरेनहाइटवर अर्धा-पाऊण तास भाजा, नाहीतर त्यांतले किडे घरात फिरतात. ओव्हनपासून हलू नका. केशरी फळांची बिटरस्वीट वेल हारात छान दिसते, पण आशियातून आलेली जात इथली झाडं गुदमरवते आणि टाकलेल्या फळांतून पसरते. टाळाच.

तोरणासाठी भारतातून ताजी आंब्याची पानं आणू नका, विमानतळावर काढून घेतात आणि न सांगितल्यास दंड होऊ शकतो. मॅग्नोलियाची जाड पानं आणि आपला झेंडू हे जमतं. मे महिन्यात लावलेला झेंडू दसऱ्याला भरात असतो, पण पहिल्या गोठलेल्या दहिवराला (फ्रॉस्टला) मरतो. मध्य जर्सीत ते साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पडतं. अंदाज आला की आदल्या संध्याकाळी सगळी फुलं तोडा.

कडक गोठणानंतर भोपळ्याचा लगदा होतो, त्याआधीच तो कंपोस्टमध्ये टाका. बिया काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात तिथे वेल उगवेल. रंगवलेला भोपळा मात्र कचऱ्यातच.