बिघडलेल्या चित्राच्या मागं काय लिहायचं

एटीडीच्या, म्हणजे कलाशिक्षक पदविकेच्या, पहिल्या वर्षाची पोरं मला स्केचबुक दाखवायला आणतात. पहिली चार पानं आखीव-रेखीव, पुढं सगळं कोरं. का, म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "मॅडम, बिघडलं तर?" ही भीती मला चांगली ठाऊक आहे. मी स्वतः चौदा महिने ब्रश धरला नव्हता.

माझं गाव अंबाजोगाईजवळ. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला 'ए' ग्रेड मिळाली, शाळेत नाव झालं, आणि भीती तिथूनच सुरू झाली. ग्रेड मिळवलेल्या पोरीचं चित्र वाईट निघून कसं चालेल? पुढं एका प्रदर्शनात माझ्या जलरंगासमोर उभं राहून परीक्षक एवढंच म्हणाले, "हे कॅलेंडर आहे." घरी आले. पैसे साठवून आणलेली ३०० जीएसएमची, म्हणजे जाड कागदाची, कॉटनची शीट गादीखाली सरकवली. तिच्यावर फक्त चांगलंच चित्र काढायचं होतं, म्हणून काहीच काढलं नाही.

त्या साली मृगात पेरलेलं सोयाबीन उगवलं नाही. आबा तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, बसून खुरप्यानं माती उकरत होते. एक बी काढून त्यांनी तळहातावर ठेवलं. फुगलेलं, कोंब आतल्या आत कुजलेला. "खोल पडलंय. दोन बोटांवर पाहिजे होतं." मग शेजारच्या तासात उकरलं. तिथं बी वरच होतं, पण पावसानंतर मातीनं खपली धरली होती. एकाच रानात दोन वेगळी कारणं. दुबार पेरणीचं बी उसनवारीनं आणलं, घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली. पण "मला पेरता येत नाही" असं आबा एकदाही म्हणाले नाहीत.

त्या रात्री मी माझी बिघडलेली तीन चित्रं ट्रंकेतून काढली. एकात आभाळाच्या मधोमध पट्टा उमटला होता: एप्रिलात भर दुपारी माळवदावर बसून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, दिला होता, उन्हानं तो निम्म्यातच वाळला. दुसऱ्यात झाडावर फुलासारखा डाग: रंग अर्धवट ओला असताना त्यात पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला, पाण्यानं रंग बाहेर ढकलला आणि तो कडेला साचला. तिसऱ्यात पातळ कागद फुगून डबकी झाली होती. तिन्हींची कारणं सापडली, आणि तिन्हींना उपाय होता.

तेव्हापासून चित्र बिघडलं की मागं तारीख, वेळ आणि एक ओळ लिहिते. 'वाईट' हा शब्द लिहायचा नाही, त्यानं काहीच कळत नाही. "सकाळी सातला वॉश द्यायला हवा होता" असं लिहायचं.

आणि महागाच्या कागदाचं म्हणाल, तर स्वस्तावर सराव करा असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. पातळ कागदावर पाणी वेगळं वागतं, तिथला हात इथं चालत नाही. मी ती २२ बाय ३० इंचाची शीट गादीखालून काढली आणि तिचे आठ तुकडे केले. फाडताना पोटात कालवलं. पहिले तीन तुकडे बिघडले, ते उलटून मागच्या बाजूला परत काढलं.

परीक्षकांचं ते वाक्य आठवलं की आजही दुखतं. पण चित्रात सगळंच सारखं ठळक होतं, नजर कुठं थांबावी हे मी ठरवलंच नव्हतं, हे त्यांनी बरोबर पाहिलं होतं. एवढं समजावून सांगितलं असतं तर माझे चौदा महिने वाचले असते. म्हणून मी पोरांना शेरा देते तेव्हा कारण सांगितल्याशिवाय सोडत नाही.

अजिंठ्याला सहल नेते तेव्हा आधी चार नंबरच्या लेण्यात थांबते. तिथला हा सगळ्यात मोठा विहार, पण चित्रांच्या ओढीनं लोक लगबगीनं पुढं जातात. इथं खडकातच दोष निघाला, छत ढासळलं. कारागिरांनी ते आणखी वर कोरत नेलं. एवढं करूनही लेणं पूर्ण झालं नाही. पोरं मान वर करून बराच वेळ बघत राहतात. मग मी त्यांना बाहेर बसवते आणि स्केचबुकं उघडायला लावते. दहा मिनिटांत एक खांब, पेन्सिल नाही, थेट पेननं.