पुण्यात राहून प्रमाणित प्रोफेशनल कोच कसे व्हावे

पुण्यात ‘कोचिंग’ म्हटलं की सदाशिव पेठेतला एमपीएससीचा क्लास आठवतो, नाहीतर मैदानावर शिट्टी वाजवणारे सर. मी लिहितेय ते कोचिंग निराळं. कामातला किंवा आयुष्यातला एखादा पेच घेऊन माणूस येतो, कोच त्याला नेटके प्रश्न विचारतो, नीट ऐकतो, आणि निर्णय तो माणूस स्वतः घेतो. हिंजवडी-खराडीतले टीम लीड, चाकणच्या कारखान्यातले मॅनेजर, चाळिशीत नोकरी बदलू पाहणारे लोक अशा कोचकडे येतात.

आधी क्लायंटच्या खुर्चीत बसा

कोर्सची फी भरण्याआधी एखाद्या अनुभवी कोचकडून स्वतःसाठी दोन-तीन सेशन घ्या. स्वतःचा खराखुरा प्रश्न घेऊन जा. बरेच जण इथेच ओळखतात की आपल्याला खरं तर समुपदेशन करायचंय. तसं असेल तर मानसशास्त्राची पदवी घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. कोचिंगचा कोर्स त्याची जागा घेऊ शकत नाही.

कोर्स पारखून घ्या

भारतात स्वतःला कोच म्हणवायला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे प्रमाणपत्रामागे कोण उभं आहे, यावरच त्याची किंमत ठरते. सर्वांत जास्त ओळखली जाते ती १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. तिची मानांकनं तीन, चढत्या क्रमानं: एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच), पीसीसी (प्रोफेशनल) आणि एमसीसी (मास्टर). एसीसीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण लागतं, पीसीसीसाठी १२५, एमसीसीसाठी २००. सुरुवात एसीसीपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी पहिल्यांदा फसले ती इथेच. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा केली, ‘सर्टिफाइड कोच’ लिहिलेलं चकचकीत प्रमाणपत्र मिळालं, आणि मानांकनासाठी त्यातला एकही तास धरला जाणार नाही हे सहा महिन्यांनी कळलं. संस्थेनं दिलेलं प्रमाणपत्र वेगळं आणि आयसीएफचं मानांकन वेगळं. मान्यताप्राप्त कोर्सची यादी आयसीएफच्या वेबसाइटवर आहे. आधी ती पाहा. मग संस्थेला विचारा: मेंटॉर कोचिंग, म्हणजे अनुभवी कोचनं आपलं कोचिंग ऐकून ते सुधारायला मदत करणं, फीमध्येच धरलंय का? माझं रेकॉर्डिंग ऐकून अभिप्राय कोण देणार? सराव मराठीतून करता येईल का?

शंभर तास जमवा

एसीसीसाठी प्रशिक्षण सुरू झाल्यानंतरचे १०० तास कोचिंग लागतं, किमान आठ क्लायंटबरोबर, आणि त्यातले ७५ तास पैसे घेऊन. रक्कम कितीही कमी असली तरी चालते. आठवड्याला दोन तास धरले तर ५० आठवडे झाले. नोकरी सांभाळून करणाऱ्यानं वर्ष-दीड वर्ष गृहीत धरावं.

पहिले क्लायंट सोसायटीत, जुन्या ऑफिसात, कॉलेजच्या ग्रुपवर मिळतात. सख्ख्या नातेवाइकांना मात्र घेऊ नका. त्यांचं कसं व्हावं हे आपण मनात आधीच ठरवून टाकलेलं असतं. पहिल्या दिवसापासून तक्ता ठेवा: क्लायंटचं नाव, संपर्क, तारखा, तास, पैसे घेतले की नाही. ही माहिती नोंदवायला त्यांची लेखी संमती घ्या.

आता खरं शिक्षण. आपल्याकडे कुणी अडचण सांगितली की सल्ला देणं हे आपुलकीचं लक्षण मानतात. ती सवय सुटायला मला महिने लागले. एका मॅनेजरबरोबरच्या सेशनचं रेकॉर्डिंग, त्यांच्या परवानगीनं, मी माझ्या मेंटॉर बाईंना ऐकवलं. ते सांगत होते की वरिष्ठांपुढे तोंड उघडत नाही. मी विचारलं, “तुम्ही एकदा सरळ बोलून का नाही बघत?” बाईंनी तिथेच रेकॉर्डिंग थांबवलं. म्हणाल्या, “हा सल्लाच आहे. शेवटी प्रश्नचिन्ह लावलंस एवढंच.”

पुढच्या सेशनला मी विचारलं, “साहेबांसमोर गेल्यावर तुमचं नेमकं काय होतं?” बराच वेळ रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज आहे. मग ते म्हणाले, “लहानपणी बाबांसमोर उभा राहायचो, तसाच उभा राहतो.” मी विचारलं, “आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कसं उभं राहायचंय?” पुढचा अर्धा तास तेच बोलत होते.

मराठीत ‘का’ विचारलं की माणूस खुलासे द्यायला लागतो. ‘काय’ आणि ‘कसं’ विचारलं की तो आत बघतो. कोर्समधले इंग्रजी प्रश्न शब्दशः मराठीत आणू नका. “तुमच्यासाठी यश कसं दिसेल?” याला समोरून कोरी नजर मिळते. “हे मार्गी लागलं, हे तुम्हाला कशावरून कळेल?” असं विचारा, माणूस बोलू लागतो. असे आपले प्रश्न एका वहीत लिहून ठेवा.

मेंटॉर, परीक्षा, अर्ज

मेंटॉर कोचिंग १० तासांचं, किमान तीन महिन्यांत पसरलेलं. त्यातले तीन तास तरी एकास एक हवेत. आयसीएफनं आठ मूलभूत क्षमता ठरवल्या आहेत, अभिप्राय त्यांच्याच आधारे मिळतो. शेवटी संगणकावर परीक्षा असते. पाठांतर तिथे फारसं कामाला येत नाही. मानांकन दर तीन वर्षांनी नव्यानं घ्यावं लागतं, त्यासाठी ४० तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. आयसीएफची पुण्यात शाखा आहे. सरावाला जोडीदार शोधायला तिचा उपयोग करून घ्या.

कुठे थांबायचं

क्लायंटची झोप उडाली असेल, जगणं नकोसं झाल्याचं तो बोलत असेल, तर कोचिंग तिथेच थांबवा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये असू द्या.

व्यवसाय सुरू करताना

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. सेशनसाठी फर्ग्युसन रोडवरचा कॅफे नको. शेजारच्या टेबलावर ओळखीचं कुणीतरी निघतंच.

काम कंपनीमार्फत आलं असेल, तर फी कंपनी भरते आणि बोलतो कर्मचारी. एचआरमधून कधी ना कधी फोन येतो, “मॅडम, काय म्हणतोय तो?” म्हणून पहिल्या सेशनआधीच तिघांनी बसून लेखी ठरवा: उद्दिष्ट आणि हजेरी कंपनीला कळेल, सेशनमधलं बोलणं कळणार नाही. एचआर यावर सही करत नसेल, तर ते काम घेऊ नका.