बोली लावून माघार घेणारे खरेदीदार: विक्रेत्यांनो, या चुका टाळा

श्रावणातला रविवार होता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्या जुन्या एचएमटी पायलट घड्याळाचा लिलाव रात्री नऊला संपणार होता. पावणेनऊला फोन हातात घेतला तर सर्वांत वरच्या बोलीवाल्याचे सातही मेसेज डिलीट झालेले. ३,५०० ची बोली गेली, तिच्याखालच्या त्याच्या सगळ्या बोल्याही गेल्या. ग्रुपवर कोणी काही बोलेना. मी घाबरून पुढच्या पंधरा मिनिटांत ज्या चुका केल्या, त्या इतरांनी करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

सासऱ्यांचं नाना पेठेत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ते बंद केलं तेव्हा दोन ट्रंका भरून घड्याळं आणि सुटे भाग घरी आले. तेव्हापासून मी व्हॉट्सअ‍ॅपच्या लिलाव-ग्रुपवर ती विकते, अधूनमधून ईबे या लिलावाच्या वेबसाइटवरही. पुण्यात असं करणारे पुष्कळ आहेत. कोणी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात फिरून माल गोळा करतो, कोणी आजोबांचा तिकिटसंग्रह काढतो. माघार घेणारा गिऱ्हाईक या सगळ्यांना कधी ना कधी भेटतोच.

माघार म्हणजे फसवणूक असं धरून चालणं

लगेच "तुमच्यावर केस करीन" असा मेसेज टाकू नका. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दल आहे आणि ते स्पष्ट आहे: हातोडा पडून किंवा रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीने विक्री पूर्ण झाल्याचं जाहीर होईपर्यंत कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. आपल्याकडे "एक वार, दोन वार, तीन वार" म्हणतात, त्यातलं तिसरं वार होईपर्यंत बोली लावणारा मोकळा असतो.

ऑनलाइन लिलावात हातोडा कोणाच्या हातात, हा प्रश्न आपण आधी सोडवत नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. नऊ वाजले की झालं, की अ‍ॅडमिनदादांनी "सोल्ड" लिहिलं की झालं? शेवटच्या मिनिटाला बोली आली तर वेळ पाच मिनिटं वाढते की नाही? हे पोस्टच्या पहिल्या चार ओळींत लिहा. माझ्या पोस्टवर आता असं असतं: "नऊनंतर मी 'दिलं' असं लिहीन, तेव्हा सौदा पक्का. त्याआधी बोली मागे घ्यायची असेल तर मेसेज डिलीट न करता 'मागे घेतो' असं लिहा आणि कारण द्या." ही ओळ आल्यापासून लोक निदान बोलून जातात.

अर्धवट माहिती देऊन बोली मागवणं

माघार घेणाऱ्यांपैकी बरेच लोक आपणच तयार करतो. त्या पायलटचं माझं वर्णन होतं: "एचएमटी पायलट, चावीचं, चालू स्थितीत, काळी डायल." फोटो दोन, दोन्ही समोरून. जुन्या एचएमटी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो की डायल मूळची आहे का. कारण बाजारात रंगवून पुन्हा छापलेल्या डायलची, एका घड्याळाची केस (बाहेरचं कवच) आणि दुसऱ्याचं मशीन घातलेली घड्याळं भरपूर फिरतात. पुन्हा छापलेल्या डायलमध्ये, म्हणजे रीडायलमध्ये, अक्षरं जाड येतात, मिनिटांच्या रेषा कडेशी नीट जुळत नाहीत. माहीतगार माणूस फोटो मोठा करून नेमकं तेच पाहतो. रात्री साडेआठला कोणी बोलीवाल्याला खासगीत सांगितलं, "अरे, ही रीडायल वाटते", तर तो माघार घेणारच, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी नंतर भिंग लावून पाहिलं. डायल मूळचीच होती, पण ते दाखवणारा एकही फोटो मी टाकलेला नव्हता.

घड्याळ असेल तर पाठचं झाकण उघडून मशीनचा फोटो द्या. चावीची गुंडी सोडून केस किती मिलिमीटर, ते मोजून लिहा. "एवढं लहान असेल असं वाटलं नाही" हे माघारीचं फार नेहमीचं कारण आहे. दिवसाला दोन मिनिटं पुढे जात असेल तर तसं सांगा. काच बदललेली असेल, पट्टा नवा असेल, तेही सांगा. कुरिअरचा खर्च कोणाचा, तेही. आणि लिलाव चालू झाल्यावर वर्णन बदलू नका. बदलावंच लागलं तर प्रत्येक बोलीवाल्याला कळवा आणि माघारीची मुभा द्या. ईबेसुद्धा बोली मागे घेण्याची जी मोजकी कारणं मान्य करतं त्यात हे एक आहे: वस्तूच्या वर्णनात मोठा बदल. दुसरं म्हणजे रक्कम टाइप करताना झालेली चूक, आणि तिसरं, विक्रेत्याशी संपर्कच होत नाही. हे तिसरं कारण ऐकून आपण चपापलं पाहिजे. दुपारी विचारलेल्या प्रश्नाला रात्रीपर्यंत उत्तर नाही, ही विक्रेत्याची चूक आहे.

मोठी उडी पाहून खूश होणं

बोल्या शंभर-शंभरने चढत असताना कोणी एकदम १,५०० वरून ९,००० वर गेला, तर थांबा. तिथल्या तिथे विचारा: "नऊ हजार ना? की नऊशे?" खरोखर एक शून्य जास्त पडलं असेल तर पाच मिनिटांत निस्तरतं आणि बाकीचे बोली लावत राहतात.

उत्तर टाळलं तर सावध व्हा. ही एक जुनी युक्ती आहे. दोन खाती एकाच माणसाची किंवा दोघा दोस्तांची असतात. एक कमी बोली लावतो, दुसरा लगेच आभाळाएवढी. बाकीचे "आपल्या आवाक्यातलं नाही" म्हणून फोन खाली ठेवतात. संपायला थोडा वेळ राहिला की मोठी बोली मागे घेतली जाते आणि वस्तू पहिल्याला कवडीमोलाने मिळते. याच खेळासाठी ईबेने वेळेची अट घातली आहे: शेवटच्या बारा तासांत लावलेली बोली फक्त तासाभराच्या आत मागे घेता येते. बोल्यांच्या इतिहासात त्या खात्याने पूर्वी किती वेळा माघार घेतली तेही दिसतं, ते बघत जा.

व्हॉट्सअ‍ॅपवर अशी काही सोय नाही, तिथे आपणच पहारा ठेवायचा. मेसेज डिलीट होतो, आणि पाठवल्यापासून पंधरा मिनिटांपर्यंत बदलताही येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. म्हणून लिलाव चालू असताना दर अर्ध्या तासाने मी स्क्रीनशॉट काढते आणि स्वतःच्या मेसेजमध्ये "आतापर्यंत २,८००" असं लिहून ठेवते. तो मेसेज ग्रुपच्या अ‍ॅडमिनशिवाय दुसऱ्या कोणाला सगळ्यांसाठी पुसता येत नाही.

दुसऱ्या क्रमांकाला फुगलेला भाव सांगणं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

त्या रात्रीचा हिशोब असा होता. कोथरूडचे एक काका २,२०० वर थांबले होते. २,३०० पासून पुढे चिंचवडचा एक तरुण आणि तो नवा नंबर, दोघंच भिडले होते. चिंचवडकर ३,४०० पर्यंत आला, नवा ३,५०० ला वर राहिला आणि मग पसार झाला. मी लगेच चिंचवडकराला लिहिलं, "अभिनंदन, ३,४०० ला तुमचं." त्याचं उत्तर आलं: "ताई, मी ३,४०० ला गेलो ते त्या माणसामुळे. तो नसता तर मला २,३०० ला मिळालं असतं ना?"

मी म्हटलं, तुम्ही स्वतः बोललात ३,४००. तो म्हणाला, मग मीही माघार घेतो. नऊ वाजले नव्हते, त्याला तो हक्क होता. काकांना फोन केला तर त्यांनी तेवढ्यात दुसऱ्या लिलावात पैसे घातले होते. घड्याळ माझ्याकडेच राहिलं.

पुढचे कित्येक दिवस मी स्वतःची बाजू मांडत होते. आता माझं मत पक्कं आहे: तो मुलगा बरोबर होता. निघून गेलेल्याची बोली, आणि तिने इतरांना जेवढं वर ढकललं तेवढं सगळं, हिशोबातून काढायचं. उरलेल्यांत दुसऱ्याने जिथे थांबवलं, त्याच्या एक पायरी वर भाव. काका २,२००, पायरी शंभरची, म्हणजे २,३००. ईबेवर बोली मागे घेतली गेली की यंत्र हेच करतं, ती बोली कधी नव्हतीच असं धरून भाव नव्याने काढतं.

लिलाव संपल्यावर जिंकणाऱ्याने पैसेच दिले नाहीत तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे ईबेची सेकंड चान्स ऑफर, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाला वस्तू देऊ करणं, त्याच्या सर्वोच्च बोलीलाच जाते, आणि ती नाकारायला तो मोकळा असतो. पण ग्रुपवर, जिथे रोजचे तेच चाळीस-पन्नास लोक भेटतात, तिथे मी आधीचाच हिशोब लावते. अकराशे रुपयांचा फरक सोसावा लागला तरी चालेल, तो माणूस पुढच्या रविवारी परत आला पाहिजे.

पडलेला भाव आपल्याच माणसाकडून वर नेणं

मावसभावाला "जरा तीन हजार टाक ना" म्हणण्याचा मोह होतो. नका. विक्रेता स्वतः किंवा कोणामार्फत बोली लावणार असेल तर तसं आधी जाहीर करावं लागतं. कलम ६४ प्रमाणे न सांगता केलेली अशी बोली बेकायदा आहे, आणि भाव चढवायला खोट्या बोल्या लावल्या असतील तर खरेदीदार सौदा मोडू शकतो. कमीत कमी इतके तरी हवेतच असं असेल तर राखीव किंमत आधी जाहीर करा, तेही कायद्याला मान्य आहे.

नंबर टाकून बदनामी करणं

माघार घेणाऱ्याचा नंबर चार ग्रुपवर "चोर" म्हणून फिरवू नका. घरात अडचण आली असेल, मुलाने फोन हातात घेतला असेल, आपल्याला माहीत नसतं. स्क्रीनशॉट अ‍ॅडमिनला खासगीत द्या, पुढच्या वेळी त्या नंबरची बोली घेऊ नका. ईबेवर ब्लॉक यादी आहे, तीत टाका. तिथे विक्रेत्याला खरेदीदाराविषयी वाईट शेरा देण्याची सोय २००८ मध्येच बंद झाली, त्यामुळे ब्लॉक करणं आणि चार दिवस पैसे न आल्यास ऑर्डर त्या कारणाने रद्द करणं, हेच हातात राहतं.

नव्या नंबरकडून मी आता दोनशे रुपये विसार घेते. जागेच्या व्यवहारात विसार देतातच, त्यामुळे कोणाला वावगं वाटत नाही. हरला तर त्याच रात्री परत. जिंकला तर रकमेत वळता. माघार घेतली तर विसाराचं काय होणार, हेही आधी लिहिलेलं असतं. विसार आल्याचा स्क्रीनशॉट मी धरत नाही, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली की धरते. आणि "परतावा घ्यायला पिन टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणखी एक, घाईने पुन्हा लावू नका. तीच वस्तू दुसऱ्याच दिवशी दिसली की लोक म्हणतात, हिच्यात काहीतरी खोट आहे. मी पायलट दसऱ्यानंतर काढलं. पाठचं झाकण उघडलेला फोटो पहिला ठेवला, डायलचा भिंगातून काढलेला दुसरा, आणि वर लिहिलं: "श्रावणात लावलं होतं, वरची बोली मागे घेतली गेली, घड्याळ तेच." चिंचवडच्या मुलाला वेगळा मेसेज करून सांगितलं की त्या दिवशी माझा हिशोब चुकला होता. तो आला, सहा जणांत २,७०० ला त्यानेच घेतलं, आणि घ्यायला स्वतः घरी आला. चावी देऊन कानाशी धरलं, मग पाकीट काढलं.