थर्टी फर्स्टची तयारी: किल्ल्या आधी, चखणा नंतर

इंदुरात थर्टी फर्स्टचा बेत जागेवरून सुरू होतो. बायपासला कुणाचं तरी फार्महाऊस, राऊ-महूकडे एखादा रिसॉर्ट, नाहीतर सुदामानगरात ज्याचे आईबाबा पुण्याला लेकीकडे गेलेत त्याची गच्ची. जागा बघताना स्विमिंग पूल आहे का हे सगळे विचारतात. त्याआधी विचारा, रात्री दीड वाजता इथून घरी कसं जायचं? सुदामानगरातून रिक्षा मिळेल. बायपासपासून आत शेतात गेलात तर मिळणार नाही, आणि ॲपवर कॅब दिसलीच तर त्या रात्रीचं भाडं बघून कुणीतरी म्हणणारच, "छोड ना भिया, मी सोडतो." म्हणून फार्महाऊस ठरलं की गाद्या आणि रजयाही त्याच दिवशी ठरवा. माळव्यातली डिसेंबरची थंडी एका चादरीवर निभत नाही. मुक्कामाला म्हणून आलेली माणसं कुडकुडायला लागली की मध्यरात्री घरची वाट धरतात, हे दर वर्षीचं आहे.

मग चालवणाऱ्यांची नावं. दर गाडीमागे एक, ग्रुपवर आदल्या आठवड्यातच लिहून टाका. पहिला ग्लास भरल्यावर ही चर्चा करण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा सगळेच स्वतःला ठीक समजतात. नाव न पिणाऱ्याचं हवं. "मी कमीच घेतो" म्हणणाऱ्याचं नाव खोडा. कायद्याची मर्यादा आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल, आणि हिशेब करून बघा: 70 किलोच्या पुरुषाला 30 मिलिलिटरचा एक छोटा पेग साधारण 20 मिलिग्रॅमपर्यंत नेतो. लार्ज घेतला की मर्यादा ओलांडली. बाईचं वजन 55 किलोच्या आसपास असेल तर एका छोट्या पेगलाच ती काठावर येते. आणि "बीअरच तर आहे" म्हणणाऱ्यांसाठी: 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे चार छोटे पेग. चारचौघात चार पेगचा माणूस गाडीकडे निघाला तर आपण हात धरतो. एका बीअरवाल्याला मात्र हसत टाटा करतो.

जो पिणार नाही त्याची बडदास्त ठेवा. लौंग सेव आणि पनीरची पहिली प्लेट त्याला, गाण्यांचा ताबाही त्याच्याकडे, आणि "एक घोट तरी" असा आग्रह करणाऱ्याला यजमानाने तिथल्या तिथे गप्प करावं.

किल्ल्यांसाठी एक डबा ठेवा. दारातच, चपला काढतात तिथे. येणाऱ्याने किल्ली त्यात टाकायची, स्कूटरवाल्यानेसुद्धा. दोन चाकांना कायदा वेगळा नाही. डबा घरातल्या अशा माणसाकडे द्यावा ज्याच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत होत नाही. आमच्याकडे हे काम आजीकडे असतं. ती फक्त "इकडे बघ" म्हणते आणि तोंडाचा वास घेते.

जेवण आधी, पेग नंतर. पोटात अन्न असलं की दारू सावकाश चढते, पण ती नाहीशी होत नाही, तेव्हा पोटभर जेवलो म्हणून चालवायला हरकत नाही असं समजू नये. लिंबू, काळी कॉफी, गार पाण्याने तोंड धुणं यांनी झोप उडते. रक्तातली दारू मात्र यकृत आपल्याच गतीने काढतं, तासाला 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 15 मिलिग्रॅम.

बाटल्या घरी किंवा फार्महाऊसवर पोचवून ठेवा, डिकीत नकोत. 1 एप्रिल 2023पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांलगतचे अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, बंद झाले. निर्णय बरोबरच होता, पण काही जणांनी गाडीचाच अहाता केला: रस्त्याकडेला उभी कार, डॅशबोर्डवर ग्लास, किल्ली लावलेलीच. डिकीत बाटली असली की तो मोह टळत नाही.

लायसन्स, विमा, पीयूसी डिजीलॉकरमध्ये आहेत का एकदा बघा, झालं. मात्र दारू पिऊन चालवताना सापडलात तर कागद पूर्ण असून उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी फेटाळू शकते.

यादीतली एक ओळ मोठ्यांना टोचेल. घरात कुणीच शुद्धीत नाही म्हणून सोळा वर्षांच्या चिरंजीवांच्या हाती किल्ली देऊन "काकांना पलासियाला सोडून ये" म्हणणारे सज्जन बरेच आहेत. त्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. काकांना सोफ्यावर झोपवा.

112 (आणीबाणी) आणि 108 (रुग्णवाहिका) हे नंबर सगळ्यांना पाठ असावेत. रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसांनी जबरदस्तीने साक्षीदार करायचं नाही, असं कायद्यातच आहे.

(हीच यादी रंगपंचमीला काढाल तेव्हा भांगेची ओळ वाढवा. खाल्लेली भांग तास-दीड तास काहीच दाखवत नाही, माणूस म्हणतो चढलीच नाही, आणि राजवाड्याहून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून परत निघेपर्यंत ती बरोबर चढते. कलम 185 तिलाही लागू आहे.)

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, एक तारखेची सकाळ. निम्मं इंदूर त्या दिवशी उज्जैनच्या महाकालला निघतं, काही तर बारा वाजता केक कापून पहाटेच्या भस्मारतीच्या ओढीने लगेच. उज्जैन पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पहाटेचं धुकं, रस्ताभर गाड्या. भरपूर झालेल्या माणसाच्या रक्तात रात्री एक वाजता 150 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी आठला अजून 45 उरतं. आंघोळ झाली, कपाळाला गंध लागलं, पोहे-जिलेबी पोटात गेली, तरी तो मर्यादेच्या दीडपट आहे. दर्शन दुपारनंतर ठेवा, किंवा रेल्वेने जा, इंदूरहून उज्जैनला गाड्या आहेत. गाडीनेच जायचं तर चालवणारा तोच, रात्रभर लिंबूसरबतावर राहिलेला. पण तोही रात्री अडीचपर्यंत सगळ्यांना घरोघर सोडत होता, तेव्हा त्याची झोप होईपर्यंत हॉर्न वाजवू नका.