खिशातली गाइड घेताना आधी वर्ष बघा

दुकानात एखाद्या शहराची गाइड हातात घेतली की मुखपृष्ठ बघू नका, ते कधीही नवं घालता येतं. शीर्षकाचं पान उलटा आणि त्याच्या मागे बारीक टाइपात छापलेलं वाचा. मी ते वाचलं नव्हतं आणि त्रास आईला झाला.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघं अमळनेरहून भुसावळला गेलो आणि तिथून गीतांजलीने हावड्याला. आदल्या आठवड्यात कोलकात्याची तळहातात मावेल अशी गाइड घेतली होती, कोरी करकरीत. गाडीत दोघांनी ती पूर्ण वाचली. उतरल्यावर तिच्यात लिहिलं होतं तसे टॅक्सीच्या रांगेत उभे राहिलो. आईचे गुडघे दुखतात. बराच वेळ उभं राहिल्यावर ती सामानावरच टेकली आणि म्हणाली, "आते कथा जानं?" (आता कुठे जायचं?) मग पुलावरच्या गर्दीत आणखी वेळ गेला. लॉजवरच्या माणसाने विचारलं, मेट्रोने का नाही आलात? हावडा स्टेशनाजवळून हुगळी नदीच्या खालून थेट मध्य कोलकात्यातल्या एस्प्लनेडला जाणारी मेट्रो मार्च २०२४ पासून सुरू होती. नदीखालचा टप्पा एक मिनिटही घेत नाही. आमच्या गाइडमध्ये तिचा उल्लेख नव्हता. रात्री ते मागचं पान उघडलं: दुसरी आवृत्ती २०१६, पुनर्मुद्रण २०२४.

म्हणून आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक पक्का लक्षात ठेवा. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला. त्यापुढचं वर्ष कितीही ताजं असलं तरी त्याला किंमत नाही. 'सुधारित आवृत्ती' या शब्दांपुढचं वर्ष शोधा. तेच मोजायचं. शहराच्या गाइडला तीन वर्षं झाली असली तरी मी आता दोनदा विचार करतो. किमतीवर नवी चिकटपट्टी लावलेली दिसली तर ती नखाने उचकटून खालची किंमत बघा, दुकानदार काही म्हणत नाही. वर्ष छापलेलंच नसेल तर मजकुरावरून ओळखा. हैदराबादच्या गाइडमध्ये मेट्रो नसेल तर मजकूर नोव्हेंबर २०१७ च्या आधीचा. अहमदाबादच्या गाइडमध्ये मेट्रो नसेल तर मार्च २०१९ च्या आधीचा. असली गाइड फुकट दिली तरी घेऊ नका.

आकाराबद्दल फार सांगत नाही. शर्टाच्या खिशात जाते का ते दुकानातच घालून बघा. एका हातात पिशवी असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटता आलं पाहिजे. बांधणी मात्र तपासा. मधोमध उघडून कण्यात दोरा दिसतो का बघा. नुसती डिंकाने चिकटवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी पानं हातात येतात, आणि सुटून पडतं ते नेमकं नकाशाचंच पान, कारण तेच आपण सारखं उघडतो. कागद गुळगुळीत चकाकणारा नको. उन्हात डोळ्यांवर येतो आणि पेन्सिल उमटत नाही.

नकाशा दोन पानांवर पसरलेला असेल तर मधल्या घडीत काय गडप झालंय ते बघा. शहराचा मध्यभागच तिथे गेलेला असतो. मजकूर भागवार लावलेला हवा. एका फेरीत पायी होतील अशी ठिकाणं एकत्र हवीत, अकारविल्हे यादी रस्त्यावर कामाची नाही. शेवटी सूची हवीच, आणि सूचीत रस्त्यांची जुनी-नवी दोन्ही नावं हवीत. कोलकात्यात याच्यावाचून चालत नाही. लोक पार्क स्ट्रीट म्हणतात, पाटीवर मदर तेरेसा सरणी. चौरंगी म्हणजे जवाहरलाल नेहरू रोड. डलहौसी स्क्वेअरचं नाव बि.बा.दी. बाग, बिनय, बादल आणि दिनेश या तीन क्रांतिकारकांवरून. एकच नाव देणारी गाइड तुम्हाला बरोबर चौकात उभं करते आणि तरी जागा सापडत नाही. मराठी गाइड असेल तर नाव इंग्रजीतही छापलंय का बघा, नाहीतर पाटीशी ताळा लागत नाही.

सुट्टीचे वार. आपल्या जळगावकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद हे शाळेच्या सहलीपासून पाठ असतं. पण परगावी आपण विसरतो. कोलकात्याचं इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय शुक्रवारी. गाइडमध्ये प्रत्येक ठिकाणापुढे वार नसेल तर परत ठेवा. आणि वार दिलेला असला तरी मागच्या पानावरचं वर्ष पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

एक चाचणी मी आता नेहमी करतो. त्याच प्रकाशकाची महाराष्ट्राची गाइड शेल्फवर असेल तर तिच्यातलं अजिंठ्याचं पान काढतो. सोमवारची सुट्टी लिहिलीय का? आपली गाडी फर्दापूर फाट्याला लावून पुढे बसने जावं लागतं हे आहे का? आपल्याला पाठ असलेली जागा ज्यांना नीट लिहिता आली नाही, त्यांच्या कोलकात्यावर मी भरवसा ठेवणार नाही.

हॉटेलांची यादी आणि भाड्याचे आकडे सोडून द्या, ते लवकर बदलतात. जेवणाचं पान एकदा वाचा, शाकाहारी असाल तर नीट वाचा. इतिहास चार पानांहून जास्त असेल तर तो घरी वाचायचा. कव्हरला प्लास्टिक घाला. पेन्सिल, रबर बँड. नकाशाच्या पानाचा फोनवर फोटो. मेट्रोचा आजचा नकाशा निघण्याआधी वेगळा उतरवून घ्या आणि गाइडमधल्या नकाशाशी एकेक स्टेशन ताडून बघा. आणि पैसे देण्याआधी शीर्षकामागचं पान, आवृत्तीचं वर्ष. पुनर्मुद्रणाचं नाही, आवृत्तीचं.