स्वतंत्र जाहिरातलेखकाने दर कसा ठरवावा आणि पैसे कसे वसूल करावेत

मराठी जाहिरातलेखनाची बरीच कामे ‘हिंदीतून फक्त मराठी करून द्यायचे आहे’ या एका वाक्यासह येतात आणि शब्दामागे दीड-दोन रुपये हा दरही बहुधा समोरूनच सांगितला जातो. लेखकाचे पहिले नुकसान येथेच होते. औषधाच्या खोक्यातील सूचनापत्राला शब्दाचा दर चालतो, कारण तेथे शब्दसंख्या आणि मेहनत साधारण एकाच प्रमाणात वाढतात. परंतु पाकिटावर, होर्डिंगवर आणि रेडिओवर वर्षभर राहणाऱ्या सहा शब्दांच्या ओळीसाठी तीस-चाळीस पर्याय लिहून खोडावे लागतात, आणि दोन रुपयांच्या दराने त्या ओळीचे बिल बारा रुपये होते. म्हणून काम अनुवादाचे आहे की नव्या लेखनाचे, हे पहिल्याच फोनवर विचारून घ्यावे. मूळ ओळीतील शब्दखेळ मराठीत नव्याने घडवावा लागणार असेल, तर ते नवे लेखन आहे आणि त्याचा दर कामागे सांगावा.

हा दर ठरवण्यासाठी आधी स्वतःचा तासाचा खर्च काढावा. समजा, घरखर्चाला महिना 40,000 रुपये लागतात आणि विमा, बचत, संगणक, इंटरनेट व आजारपणाची तरतूद मिळून आणखी 20,000 रुपये. महिन्याला 160 तास टेबलाशी बसले तरी नवी कामे शोधणे, फोन, कोटेशन आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा यांत त्यांतील निम्मे तास सहज जातात. उरलेल्या 80 तासांनी 60,000 ला भागले की तासाला 750 रुपये येतात, आणि त्यात प्राप्तिकर धरलेला नाही. बैठकीसह 16 तास लागणाऱ्या गृहप्रकल्पाच्या माहितीपुस्तिकेचे त्यामुळे किमान 12,000 रुपये झाले पाहिजेत. ही तळरेषा आहे. त्यावर मजकुराचा वापर पाहून रक्कम वाढवावी, कारण गावातील मिठाईवाल्याच्या दिवाळीच्या पत्रकाला आणि राज्यभर लागणाऱ्या होर्डिंगला वेळ सारखाच लागला, तरी दोन्हींची किंमत सारखी नसते.

रक्कम ठरली की ती ईमेलने लिहून पाठवावी. किती मजकूर, कोणत्या माध्यमांसाठी, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, तिसऱ्या फेरीपासून किती जादा पैसे, आगाऊ किती आणि उरलेले किती दिवसांत, एवढे त्यात असले म्हणजे पुरते. दुरुस्तीची फेरी आणि बदललेला ब्रीफ (काय लिहायचे याच्या क्लायंटने दिलेल्या सूचना) यांतील फरक मात्र स्पष्ट लिहावा. ‘थोडासा टोन बदलू या’ असे म्हणत सगळी जाहिरातच नव्याने लिहून घेतली जाते. नव्या क्लायंटकडून निम्मी रक्कम आगाऊ मागण्यात संकोच नसावा. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण या व्यवसायात फार लवकर खरी ठरते. फुकट ‘सँपल’ मागितल्यास आधी केलेली कामे दाखवावीत आणि खास त्यांच्यासाठी लिहायचे असल्यास त्याचे वेगळे पैसे सांगावेत.

मजकुराच्या हक्कांविषयी बहुतेक लेखक गप्प बसतात, ते मला चुकीचे वाटते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या मजकुराचा पहिला मालक सामान्यतः तो स्वतःच असतो आणि हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी व्हावे लागते. त्या करारात मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास तो भारत मानला जातो. छोट्या घोषवाक्याला या कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. लांब मजकूर, पटकथा आणि जिंगलचे शब्द यांच्या बाबतीत मात्र ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ हे एक वाक्य कोटेशनमध्ये जरूर असावे.

वसुलीची तयारीही काम घेण्याआधीच करावी लागते. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे विनामूल्य नोंदणी होते आणि एकट्याने काम करणारा लेखकही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून अशी मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला करासाठी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मार्च महिन्यात लेखा विभाग स्वतःहून फोन करू लागतो.

बिलातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे क्लायंटने आधीच कापून सरकारकडे भरायचा प्राप्तिकर, कापला गेल्यास तो तोटा समजू नये. तो प्राप्तिकर खात्याकडील आपल्या वार्षिक कर-पत्रकात दिसतो आणि विवरणपत्र भरताना करात वळता होतो. कापूनही जमा न केलेला टीडीएस दर तिमाहीला तपासून लगेच विचारावा. जीएसटी नोंदणी मात्र वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावरच सक्तीची होते.

जुन्या क्लायंटचा दर वाढवायचा असल्यास फेब्रुवारीअखेर पत्र पाठवून एप्रिलपासूनचा नवा दर कळवावा आणि आधीच स्वीकारलेली कामे जुन्याच दराने पूर्ण करून द्यावीत.